बावीस नंबर

परवापर्यंत खाखऱ्याच्या पुड्याला मी जो चिमटा लावायचे
तो लाकडी होता, स्प्रिंग गंजलेली,
एका अंगावर लाल रंगात २२.
कपडे त्यानं कधीच वाळवले नाहीत.

नवलखी मैदानात रविवारी सकाळी
बाभळीला टेकून एक फळी असायची,
फळीवर असे चिमटे, आणि नियम एकच :
ज्याच्या खिशाला चिमटा, त्याचं आकाश.
त्या नंबरच्या दुसऱ्यानं तोवर
आपल्या खोक्याला हात लावायचा नाही.

रंगनाथमामा प्रतापनगरला रेल्वेत टर्नर.
दिवसा लोखंड, रात्री बाल्सा,
इतकं हलकं की मी श्वास सोडला
तरी पंखांच्या फासळ्या टेबलावरून सरकायच्या.
"तिकडं तोंड करून जग," म्हणायचा.
पातळ कागद, त्यावर डोप,
डोपच्या वासानं मामी गच्चीत जाऊन बसायची.
चौदा महिन्यांनी टिटवी तयार झाली.
नाव मी ठेवलं.

इंधनात घाणीवरचं एरंडेल.
मिथेनॉल जशुभाई आणायचे,
या राज्यात ते कुठून, हे विचारायचं नाही.
मामा बोटानं पंखा फटकारायचा,
त्या बोटावर पांढरा वण, इंजिनानं एकदा
उलट फटकारल्याचा.
माझं काम शेपूट धरून बसणं.
"सोड" म्हटलं की सोडायचं.
सोडल्यावर तळव्यांत जे थरथरत राहायचं
त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

तर त्या दिवशी टिटवी वर.
जशुभाईही बावीसवालेच, चहा पीत
चिमट्याची वाट बघत होते, खोका टेबलावर.
मी दहा वर्षांची.
बटण सरकवलं की काटा हिरव्यात कसा जातो,
एवढंच बघायचं होतं.
गेला.

वर टिटवी शहारली.
एका कुशीवर वळली.
मामा दांड्या ओढतोय, ती त्याचं ऐकेना,
आणि मला तर तिला सांगण्यासारखं काही येतच नव्हतं.
मी बटण मागे घेतलं तोवर
विश्वामित्रीत.

काठाच्या चिखलात एक पंख दिसत होता,
शेजारी मगर, जबडा उघडा टाकून,
उन्हात निवांत.
कोण उतरणार?
"मारी ज भूल, रंगनाथ," जशुभाई म्हणाले,
"बटण चालू राहिलं असणार माझं."
दिवाळीला त्यांनी जपानी इंजिन आणून दिलं,
मामानं नको नको म्हणत घेतलं.
मी फराळाचं ताट नेऊन ठेवलं त्यांच्यापुढं
आणि आत पळाले.

पुढच्या वर्षी एकदा मामानं
बावीसचा चिमटा माझ्या फ्रॉकला लावला.
"तू सांभाळ. मी मागितला तरच दे."
त्याला माहीत होतं की नव्हतं,
हा वाद मी चाळीस वर्षं
एकटीच दोन्ही बाजूंनी लढवते आहे.
मामा आता नाही.

त्याचा नातू हर्षिल उडवतो थर्माकोलसारखं काहीतरी,
कुरिअरनं आलेलं, तासाभरात जोडलेलं.
आधी फोनवर नकाशा बघतो,
हरणीचा विमानतळ किती लांब,
आपण लाल पट्ट्यात की हिरव्या.
मग हातानंच फेकतो. शेपूट कोणी धरत नाही.
एरंडेलाचा वास नाही, आवाज डासाचा.
तिघा-चौघांची एकदम वर असतात,
मोकळी वाट ज्याचं त्याचं यंत्रच शोधतं,
कोणी कोणाला विचारत नाही.
पडलं तर नाक चिकटवून
चहा निवायच्या आत पुन्हा वर.
बरं आहे. मी खरंच म्हणते, बरं आहे.

परवा मांजलपूरला जशुभाईंकडे गेले,
खाखरे घेऊन, पुड्याला हाच चिमटा.
कानांनी साथ सोडली आहे त्यांची.
त्यांनी चिमटा काढला, धोतरानं पुसला,
सदऱ्याच्या खिशाला लावला.
मी सांगितलं. सगळं. काट्यासकट.
ते खिडकीतून वर बघत होते.
"ऊपर कोई छे?"
कोणी नाही, जशुभाई.

चिमटा परत मागितला नाही.
खाखऱ्यांना हल्ली रबर लावते.