दोन बोटं पांढरं

तुझे केस रंगवायचे राहिले, एर्मेलीन.
आधी माझा गुडघा, मग श्रावण, मग चवथ.
घरात नणंदा, माटोळी, नेवऱ्यांचे डबे,
मी कुंपणावरूनच ओरडले, पुढच्या शनिवारी गं.
तू म्हणालीस, शेनवार खंय धांवता?

शनिवार आला,
पोदेराचा भोंगा वाजायच्या आधी
तुला घेऊन गेला.

बैठकीत मधोमध पेटी.
तू बदामी ड्रेसात,
जो स्वतः शिवून कपाटात टांगून ठेवला होतास
आणि मला दाखवून म्हणाली होतीस,
गळा जरा खोल झाला, पण त्या दिवशी कोण बघतंय.

मी बघत होते.
गळा नाही, भांग.
दोन बोटं पांढरं.
भाच्यांनी लेसचा रुमाल घातला डोक्यावर,
लेसला भोकं असतात.
पाद्री काय म्हणाला मला आठवत नाही.

तेवीस वर्षं, दर दोन महिन्यांनी,
विहिरीमागे तू पाटावर,
खांद्यावर माझ्या नवऱ्याचा फाटका बनियन,
माझ्या हातात करवंटी आणि जुना टूथब्रश.
कुडतरीत कोणाचं काय, ते मला तिथेच कळायचं.
कोणाचा मुलगा बोटीवर लागला,
कोणी शेत दिल्लीवाल्याला विकलं,
कोणाचे लंडनचे कागद आले आणि कोणाचे अडले.
पाणी ओतताना तू डोळे घट्ट मिटायचीस
आणि मोठ्याने बोलायचीस,
जणू मी तळ्याच्या पलीकडे गेलेय.
नखांत आठवडाभर काळं राहायचं माझ्या.
नैवेद्य वाढताना सासू बघायची,
बोलायची नाही. तिचे केस तू कापायचीस.

मी गडहिंग्लजहून आले तेव्हा
तू मला घाटी म्हणाली होतीस.
माझ्यासमोर नाही, मागच्या दारी, तुझ्या भावाला.
मला ऐकू आलं होतं.
दुसऱ्या दिवशी अर्धा फणस घेऊन आलीस, हाताला तेल लावून,
आणि मी तो घेतला.
याबद्दल आपण कधीच बोललो नाही.
आता बोलावंसं वाटतं, म्हणजे भांडावंसं, थोडंसं.

मडगावच्या बसमध्ये तुझ्या दोन पिशव्या,
एक छत्री, कधी जिवंत कोंबडी,
तरी कोणी उभं दिसलं की कोपर मारायचीस मला,
मातशी सर गो.
तिघींच्या सीटवर आपण चौघी, पाचजणी,
माझी एक मांडी कायम हवेत.

सिमितेरीत खड्डा तीन वर्षांचा असतो
हे मला तूच सांगितलंस,
तुझ्या आईची हाडं काढून भिंतीत ठेवली त्या दिवशी,
केस धुता धुता.
मागीर दुसऱ्याक जागो.
मला अंगावर काटा आला,
तू मात्र बसमधल्यासारखी बोलत होतीस.
मी विचारलं, आणि केस?
उरतात म्हणटात.
मग एक डोळा उघडून हसलीस,
फेस गेला त्यात, शिव्या दिल्यास मलाच,
आणि म्हणालीस, तेन्ना तूं येऊन रंगय.

सगळ्यांनी एकेक मूठ टाकली.
मला कळेना, आपल्यात असं करतात का,
तुझ्या भावाने माझं मनगट धरून
माझा हात मातीत घातला.
पावसाने भिजलेली, लाल.
घरी येऊन तीन वेळा साबण लावला.
नखांत होतीच.

करवंटी तुझ्या कठड्यावर आहे अजून.
ब्रश तिला चिकटून बसलाय,
ओढला तर दोन्ही हातात येतात.
न फोडलेलं पाकीट माझ्या फडताळात,
हळदीच्या बरणीशेजारी.
दुकानात परत द्यायला नेलं,
सावियोने बघितलं माझ्याकडे, मी तेल मागितलं.

येताना रस्त्यावर पाकीट उलटं करून वाचलं.
मागे तारीख आहे, बारीक अक्षरात:
अजून दोन वर्षं चालेल.

एक वर्ष कमी पडतंय, एर्मेलीन.