ओला रंग

बेलापूरला, सहाव्या मजल्यावर बसून
मी जागा वाटते.
जमिनीवरची नाही, ती केव्हाच वाटून झाली.
बोटीच्या डेकवरची.
पाचशे ऐंशी चौरस मीटर.
त्यात पाइपांच्या मोळ्या, रसायनांची पिंपं,
रिगवरच्या ऐंशी माणसांचे कांदेबटाटे,
आणि एकदा, कुणीतरी हट्टाने मागवलेला कॅरम.
कॅरम उभा ठेवला तर जागा जवळजवळ लागतच नाही.

रबाळ्याच्या व्हॉल्व्हवाल्यांशी आमचा करार तीन वर्षांचा.
एकशे बारा पानं.
एका दुपारी डबा खाता खाता मोजलं,
'भागीदारी' हा शब्द एकोणीस वेळा,
'विलंब' चौतीस वेळा.

त्या दिवशी पंचमी होती.
संगणकावर भरतीचं कोष्टक असतं,
पण मी अजून बाबांसारखीच बोटांवर मोजते,
तिथीची पाऊणपट.
म्हणजे पावणेचार.
पाणी उतरायच्या आत 'रेवती' न्हाव्याच्या धक्क्यावरून सुटायला हवी,
पुढे तीन दिवस वारा कुणालाच सोडणार नव्हता.

आणि व्हॉल्व्ह उरण फाट्यावर अडकलेला.
दीड टनाचा, पिवळा,
टेम्पोच्या हौद्यात, आणि त्याच्या शेजारी
एका हाताने दोर, दुसऱ्याने पुठ्ठा धरून
कारखान्याचा फिटर सुदाम ठोकळ.
पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं :
हात लावू नये. रंग ओला आहे.
चार तास त्याने त्या लोखंडाला धुळीपासून राखलं,
जसं कुणी हळद लागलेल्या पोरीला उन्हापासून राखतं.

खासनीस साहेबांचे फोन, आमच्या साहेबांचे फोन,
कलम एकेचाळीस, पोटकलम ब,
धक्क्यावरच्या दर तासाचा दंड कोणी भरायचा.
मी दोन्ही बाजूंना 'हो सर' म्हणत होते.
कॅप्टन फर्टाडो वायरलेसवर एवढंच म्हणाला,
"पाणी सर म्हणत नाही, मॅडम."

तरी थांबला तो. चाळीस मिनिटं.

क्रेनने व्हॉल्व्ह उचलला, वाऱ्याने तो गरकन फिरला,
आणि सारंग याकूब हमदुल्यांनी
पुठ्ठा वाचला, तरी हात लावला.
लावला नसता तर तो खलाशाच्या पोटात गेला असता.
साडेचारला पाच कमी. 'रेवती' सुटली.
ठोकळ रिकाम्या टेम्पोत पुठ्ठा मांडीवर घेऊन झोपला.

आमच्या घरी एक कागद आहे, प्लास्टिकमध्ये.
आज्याचा अंगठा आहे त्यावर,
निळा, थोडा फासलेला,
जणू घेणाऱ्याने मनगट धरलं असावं.
त्या अंगठ्याखाली सगळी मिठागरं गेली,
आणि वर ही इमारत आली, तिचा सहावा मजला,
माझी खुर्ची.
मी त्याबद्दल ऑफिसात बोलत नाही.
पगार वेळेवर होतो.

परवा करार नव्याने झाला. आणखी तीन वर्षं.
सह्या पडद्यावर, शाई नाही, चहा होता.
आणि त्याच आठवड्यात तो व्हॉल्व्ह
दुरुस्तीला परत आला.
खाऱ्या वाऱ्याने सोललेला, पिवळ्याचा राखाडी झालेला,
शिंपले चिकटलेले. ठोकळने फोटो पाठवला :
बाजूवर, लिफ्टिंगच्या कडीखाली,
रंगात रुतलेला एक अंगठा.
रेषा न् रेषा शाबूत.

हमदुले गेल्या वर्षी निवृत्त झाले.
दापोलीकडे कुठेतरी कलमं लावतात म्हणे.

"मॅडम, उद्या ब्लास्टिंग करायचंय," ठोकळ म्हणाला,
आणि गप्प राहिला.
मी पण.
एकशे बारा पानांत यासाठी कलम नव्हतं,
नव्या एकशे तीस पानांतही नाही.

संध्याकाळी तपासणीचा अहवाल आला.
खाली, शेऱ्याच्या रकान्यात,
त्याच्या तिरप्या अक्षरात :
एका जागी टेप लावून जुना रंग राखला.
रंगदोष : एक.
स्वीकार्य.

मी मंजुरीचं बटण दाबलं.
अंगठ्यानेच.