लीस्ट काउंट

नऱ्ह्याच्या कॉलेजात वर्कशॉपची किल्ली
अकरा वर्षं माझ्या खिशात होती.
लेथ चार. तीन निळ्या ताडपत्रीखाली,
चौथीवर आम्ही डबे ठेवायचो.
व्हर्निअर कॅलिपर बारा, मखमली खाचांत झोपलेले,
कपाटाला कुलूप.
"पोरं हरवतात," एचओडी म्हणायचे.

समिती यायची त्या आठवड्यात ताडपत्र्या निघायच्या.
मी रात्री बसून ऑइल पुसायचो, रंग मारायचो,
आणि भोसरीच्या एका शेडमधून
पिशवीभर लोखंडाचा कीस आणून
लेथखाली सांडायचो, थोडा थोडा,
काम चालू असल्यासारखा.
साहेब लोक बूट जपत चालायचे त्यावरून.
जेवणात मठ्ठा, जिलबी.

जर्नलं मात्र वेळेवर.
गेटसमोरच्या झेरॉक्सवर प्रयोग एक ते दहा,
तीस रुपयांत, रीडिंगसकट.
साठ पोरांच्या साठ दांड्यांचा व्यास एकच:
चोवीस पूर्णांक शून्य सहा.
शिक्का मी मारायचो.
जांभळी शाई दिवाळीपर्यंत बोटांवर.

शिवकांत मुळूक. पाटोद्याचा. पुढच्या बाकावर बसायचा.
एकदा म्हणाला, "मामा, एकदा चालू करून दाखवता का?"
मी म्हणालो, "परीक्षेला नाही ते."
खरं तर त्याआधी तेवीस वर्षं मी टर्नर होतो,
पिंपरीतली कंपनी बंद पडेपर्यंत.
नुसत्या आवाजावरून सांगायचो, टूल बोथट झालंय.
हे त्याला सांगितलं नाही.
का नाही, ते अजून शोधतोय.

त्याला डिस्टिंक्शन मिळालं.
आईनं एसटीच्या पार्सलनं पेढे पाठवले,
शिपायांपर्यंत सगळ्यांना पुरले.

मग चाकण.
साडेतीनशे पोरं, अठरा जागा, त्याही कंत्राटी.
फोरमननं एका हातात बुश दिला,
दुसऱ्या हातात व्हर्निअर. म्हणाला, "वाच."
त्यानं तो उलटा केला, सुलटा केला.
"मला वाटलं, मामा,
त्याच्यावर काहीतरी लिहिलेलं असेल."

हे त्यानं मला सांगितलं धायरीत, रात्री साडेदहाला,
एका सोसायटीच्या गेटवर.
त्याच्या पाठीवर चौकोनी पिशवी, बी-सातशे दोनची बिर्याणी.
माझ्यापुढं व्हिजिटर रजिस्टर.
नाव लिहिताना त्याचा हात थांबला. मग माझाही.
कॉलेज बंद पडून दोन वर्षं झालीत.
लेथ किलोवर गेल्या, डब्यांच्या तेलकट कड्यांसकट.

रजिस्टरखाली पेपर अंथरलेला असतो.
त्यात कंपन्या म्हणतात, माणसं मिळत नाहीत.
पोरं म्हणतात, काम मिळत नाही.
मी दोन्ही वाचतो, गेट उघडतो, गेट लावतो.
मधलं अंतर मोजायचं साधन कपाटात होतं
आणि किल्ली माझ्याकडे.
सगळा दोष माझा नाही, हेही ठाऊक आहे.
तरी खिसा अधूनमधून चाचपला जातो.

काल त्याला थांबवलं.
केबिनच्या ड्रॉवरमधून माझा जुना व्हर्निअर काढला,
फडक्यात गुंडाळलेला, कंपनीच्या वेळचा.
"किती वेळ आहे?"
"चार मिनिटं."
"मग हे शून्य बघ. आता सरकत्या पट्टीवरची
कुठली रेघ वरच्या रेघेला सरळ भिडते, ती शोध.
घाई नको. तिरकं बघू नको."

गेटचा पाइप धरला त्यानं जबड्यात.
मोबाइलचा उजेड. ओठ हलत होते,
लहान पोराचे हलतात तसे.
फोन दोनदा वाजला.
"तेहेतीस पूर्णांक... अडुसष्ट?"

सत्तर होतं.
एका रेघेनं चुकला.

"उद्या परत," मी म्हणालो.
त्यानं मान हलवली की नाही,
हेल्मेटमुळं कळलं नाही.