खुर्ची

निपाणीत हायवेच्या खालच्या अंगाला,
तंबाखूच्या वखारींच्या मागं
एक गल्ली आहे. तिला नाव नाही.
नगरपालिकेच्या कागदावर नुसता आकडा,
आणि माझ्या वहीत आठ घरं.

शनिवारी दुपारी मी जाते.
पिशवीत गोळ्या, खोकल्याचं औषध, साबणाच्या वड्या,
वहीत पाळकसाहेबांनी आखून दिलेले रकाने :
माणसं किती. मिळवतं कोण. खोकतं कोण.
चौथा रकाना, प्रार्थनेची विनंती.
तो मी घरी येऊन भरते. विचारायची लाज वाटते.

गल्लीच्या तोंडाशीच शिंका सुरू होतात.
तंबाखूची भुकटी इथं उन्हासारखी पडून असते.
पोरं ओरडतात, "शिस्टर आली, शिस्टर आली!"
मी सिस्टर नाही. मी सुवार्ता आवळे,
शाळेतून निवृत्त झालेली शिवणाची बाई.
दीड वर्ष सांगतेय.

पहिलं घर काशव्वाचं. मांडीवर सूप,
सुपात पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ.
बोटं थांबत नाहीत, मान तेवढी वर होते :
"बर्री, बर्री. कुंदर्री."
आणि खुर्ची पुढं येते.
लाल, प्लॅस्टिकची, डावा हात तुटलेला,
तिथं तांब्याची तार गुंडाळलेली.
मी बसते. ती खाली.
हजार विड्यांचे किती मिळतात ते सांगते,
छाटात किती जातात तेही.

दुसऱ्या घरी रशिदा. नवरा भिंतीकडं तोंड करून.
खोकतं कोण, हे विचारावं लागत नाही.
खुर्ची. मी बसते.

तिसरं घर बंद होतं.

चौथ्या घरी कोपराला तार टोचली.
तीच तार. डावीकडं. तसाच पीळ.

निघताना मुद्दाम चपलेचा पट्टा लावत वाकले
आणि मागच्या पत्र्याच्या फटीतून पाहिलं :
फकिरप्पा, काशव्वाचा नातू, नऊ वर्षांचा,
डोक्यावर खुर्ची उलटी, तिचे पाय आभाळाकडं,
गटार ओलांडून पळतोय
पाचव्या घराकडं.

दीड वर्ष!
आठ घरांनी मिळून
मला एकदाही जमिनीला टेकू दिलं नव्हतं.
आणि मी, पिशवी हलकी होत जाईल तशी
चेहऱ्यावर देणाऱ्याचं समाधान चढवत
हायवेवरून एसटी धरत होते.

सातव्या घरी मी घाई केली.
खुर्चीच्या आधी पोचले.
गंगूबाई कोरवी दारात गडबडली,
"थांबा की वो बाई, येतंय, आलंच बघा."
मी म्हटलं, कशाला, आणि खाली बसले,
नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर.
मला वाटलं, आता हसेल.

ती चिडली. मनापासून चिडली.
"आमच्यात बसाय काय नाही
म्हणून लिवणार काय वहीत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं.
पाय धुवून घ्यायला लाजणारा तो शिष्य
इतकी वर्षं धडा ऐकूनही
मला नीट कळला नव्हता.

फकिरप्पा आला, धापा टाकत.
मी उठले. खुर्चीवर बसले.
पातळाला मागं शेणाचा ओला डाग,
तो कुणाला दिसला नाही, असं सगळ्यांनी ठरवलं.
गंगूबाईनं चहा दिला.
कपाचा कान ओळखीचा वाटला,
पण मी नीट पाहिलं नाही.

पोराची टाच गटारातल्या काचेनं फाटली होती.
मी बांधली. तो उभ्या उभ्याच होता,
एक डोळा खुर्चीवर.
चौथ्या रकान्यात तिथंच लिहिलं :
फकिरप्पाची टाच.

आठव्या घरी जाताना
गल्लीच्या मधोमध थांबले,
पदर नाकाला लावून
उगाचच शिंकत राहिले, मोठमोठ्यानं,
लंगडत निघालेली खुर्ची
पोचेपर्यंत.