रात्रपाळीची झोप

माटुंग्याच्या हॉलात एसी इतका
की पदर दोनदा गुंडाळला खांद्यावर.
दारात एका मुलीने मनगटाला जांभळी फीत बांधली,
विचारलं, तुम्ही कुणाच्या?
म्हटलं, तक्षशिलेची आई.
तिने यादीवरून बोट फिरवलं, मग पुन्हा वरून.
पाहुण्यांत मी नव्हतेच.
कलाकारांत होते.

कलाकार!
सकाळी सातला प्रसूतिगृहातून निघाले ती
तेरा नंबरच्या बाईचा बेडपॅन धुऊन.

तिकीट दोनशे रुपये. ते पैसे
मुलींच्या वसतिगृहाला जाणार,
माईकवरची बाई तीनदा म्हणाली.
आम्हाला तिकीट माफ. तरी मी
काचेच्या पेटीत पन्नासची नोट टाकली,
घडी उलगडून, म्हणजे दिसावी.

पहिल्या फिल्ममध्ये एक म्हातारी सायकल शिकली.
दुसरीत दोघी बहिणी नुसत्या भांडत होत्या, ती मला आवडली.
तिसरी अडकली.
एक पोरगी उडी मारता मारता हवेतच थांबली,
पाय वर, वेण्या वर,
आणि प्रोजेक्टरवाला वायर हलवत राहिला.
मला वाटलं, राहू दे तिला तिथेच थोडा वेळ.

मग पडदा काळा. त्यावर माझ्या पोरीचं नाव.
मग मी.

झोपलेली.
तोंड अर्धं उघडं, एक हात उशीखाली,
टाचेच्या भेगा पडद्यावर हातहात रुंद.
बाई गं.
सत्तेचाळीस वर्षांत मी मला झोपलेलं पाहिलं नव्हतं.
मेल्यावर अशीच दिसेन, असं मनात आलं
तेवढ्यात तिने, म्हणजे मी, कूस बदलली.

कॅमेरा मला सोडून दाराकडे गेला.
जिन्यात भंगारवाला. ओरडायला तोंड उघडतो
आणि दारातून एक हात पुढे येतो, पाच बोटं ताठ.
तो तोंड मिटतो. सवयीने.
जुलेखाबींच्या टीव्हीवर माणसं नुसते ओठ हलवतात.
कुकरची शिट्टी, वाजायच्या आधी
चिमट्याने अलगद उचललेली.
खाली पोरांचं क्रिकेट, पण बॅटला जुना मोजा बांधलाय;
आउट झालेला तोंडातल्या तोंडात भांडतो.
आमच्या बेलच्या बटणावर चिकटपट्टी,
कोपरे काळे पडलेली.

पार्कसाइटला दुपार शांत असते,
मी वॉर्डात सगळ्यांना सांगायचे.
डोंगराकडेला आहे ना, वारं आवाज खातं.
नऊ वर्षं सांगत होते.

खाली इंग्रजी अक्षरं येत होती.
एका जागी अख्खा हॉल हसला.
मी झोपेत काही पुटपुटले होते, माझं मलाच कळेना.
शेजारणीला विचारलं, काय लिहिलंय?
ती कानाशी वाकून म्हणाली,
"जोर लाव गं, आलंच डोकं."

टाळ्या. तक्षशिला स्टेजवर.
प्रेरणा कुठून मिळाली? माईकवरच्या बाईने विचारलं.
पोरगी म्हणाली, झोपमोड झाली की आई फार चिडते.
पुन्हा हसले सगळे. तिने शाल घेतली, रोपटं घेतलं.
माझ्याकडे पाहिलं नाही.

बसमध्ये खिडकीशी बसली आणि
सायन यायच्या आत माझ्या खांद्यावर लवंडली,
मांडीवर कुंडी तशीच धरून.
तोंड अर्धं उघडं.
कंडक्टर दोन सीटवर आला तेव्हा
मी हात पुढे केला, पाच बोटं ताठ.

त्याला कुठली सवय.
तिकीट! तो ओरडलाच.
ती दचकली, कुंडी कलंडली,
ओली माती माझ्या ठेवणीतल्या साडीवर,
आणि विक्रोळीपर्यंत
ती माझ्यावरच चिडत राहिली.