ई-क्लास, पंचेचाळीस एकर

पहिल्यांदा घाटंजीच्या नर्सरीतून ट्रॅक्टर आला.
चार हजार रोपं, काळ्या पिशव्यांत,
मागच्या जीपमध्ये बॅनर.
शाळेच्या पोरांनी रोप खड्ड्यात धरायचं, वर बघायचं, फोटो.
मी आहे त्या फोटोत, पाचवीतली, डोळे मिटलेली.
होळीपर्यंत पिशव्या तेवढ्या उरल्या.
"बकऱ्याईनं रोपं खाल्ले, प्लास्टिक नाई खाल्लं,"
उकंडाकाका पिसे अजून कौतुकानं सांगतो.

झिंगूबाई टेकाम तेव्हाच म्हणाली होती,
"झाडं बाहेरून काहून आणता, बाप्पा?
खाली हायेत न."
सगळे हसले. खाली मुरूम होता,
मुरमावर तरोटा, तरोट्यावर ऊन.
तिनं टिकास मागितला नाही.
बोटांनीच खरवडून दाखवला धावड्याचा खुंट,
मनगटाएवढा, जमिनीलगत तुटलेला,
आतून ओला.
दरसाल फुटते, दरसाल कोणी ना कोणी खाते.
याले तीन पावसाळे द्या.

चार हजार रोपं देणं सोपं होतं.
तीन पावसाळे द्यायला बारा वर्षं लागली,
तोवर झिंगूबाई नव्हती.

सात ग्रामसभा. पाचवी चपलांवर संपली.
सरपण कुठून आणायचं, वासरं कुठं सोडायची,
आणि मागच्या रांगेतून, पदराआडून कोणीतरी:
पहाटे आम्ही जायचं कुठं?
याचं उत्तर ठरावाच्या नमुन्यात नव्हतं.
म्हणून पंधरा एकर मोकळी ठेवली, तीस बंद केली.
बैल एकशे एक, बकरी एकावन्न, कुऱ्हाड पाचशे.
बारावी झालेली मी एकटीच रिकामी,
रजिस्टर माझ्याकडे आलं.
पावती क्रमांक एक: माझा बाप.
आमचा तांबडा बैल, तारेत अडकलेला.
त्या रात्री तो जेवला, पण वाढ म्हणाला नाही.

कोवळा तरोटा भाजीला खुडला,
जून झाला तसा फुलायच्या आत उपटला.
पळस कोणाला न विचारता उठला.
मग चार, मग ऐन,
मग ज्यांची नावं मला येत नव्हती ते.
नावं विचारायला आता कोणाकडे जायचं
ते कळेना, म्हणून पानं रजिस्टरात दाबून ठेवली.
गवत विळ्यानं कापून न्यायचं, घरटी रोज एक भारा.
भारे मोजताना बाया ज्या गोष्टी बोलतात
त्या लिहायला रकाना नाही.
नाला महाशिवरात्रीपर्यंत वाहिला, ते अहवालात आहे.
उकंडाकाकानं एकतीसपैकी एकोणीस बक�्या विकल्या,
ते नाही.

काल दिवस बुडताना तो आत दिसला.
एक काळी पाठ सोबत,
धावड्याची फांदी तिच्यासाठी खाली वाकवून धरलेली.
माझ्या पायांची चाहूल लागली तरी सोडली नाही.
"इले सांगून रायलो," म्हणाला,
"तुही माय ज्याले खाऊन गेली न,
थेच हाय हे."
झाड त्याच्या डोक्याच्या वर गेलं होतं.

मी पावती फाडली. एकावन्न.
त्यानं कमरेच्या पिशवीतून साठ काढले,
मोजून दिले, हात पुढेच ठेवला.
माझ्याकडे सुटे नव्हते.

समितीकडून येणे बाकी, रुपये नऊ,
उकंडा पिसे.
तशी नोंद केली आहे.