बचत : शंभर टक्के

डिसेंबरात केंद्रातून फॉर्म आला.
ऊर्जा बचत सप्ताह. शाळेचं नाव, फोटो तीन,
गतवर्षीच्या तुलनेत वाचवलेले युनिट.
वाकेवाडी, तालुका परळी, इथवर लिहिलं
आणि पेन थांबलं.

मीटर आहे अजून व्हरांड्यात.
काचेमागं एक पाल राहते,
आणि आकडा गेल्या आषाढापासून हललेला नाही.
बिल थकलं होतं. वायरमन खांबावर चढला,
खाली उतरून म्हणाला,
"बाई, माझं पोरगं तुमच्याच वर्गात हाय.
मला काय गोड वाटतंय का."
तांब्याभर पाणी पिऊन गेला.

शंभर टक्के, मी लिहिलं.
जिल्ह्यात पहिला नंबर यायला हरकत नाही.

सहावीच्या वर्गाला खिडकी एकच, उत्तरेची.
तिच्यातून औष्णिकची चिमणी दिसते,
लांब, करंगळीएवढी.
"बाई, लाईट तिथं तयार होती?"
"होते."
"मग इकडं येता येता कुठं जाती?"
मी फळ्यावर लिहिलं : वितरण.
मागच्या तीन रांगांना ते दिसलं नाही.

गृहपाठ दिला, सात दिवस घरचं मीटर वाचा.
मुबीननं गिरणीचं आणलं, बापाच्या अक्षरात,
खाली शेरा : तीन तास दळण बंद.
संदिपानच्या वहीत सातही दिवस एकच आकडा.
"मीटर लई वर हाय.
पहिल्या दिवशी मामानं उचललं होतं,
मग मामा गेला गावाला."
मी हसले, वर्ग हसला,
आणि दैवशाला उठून उभी राहिली.

"आमच्या घरी मीटर न्हाई बाई. आकडा हाय."

कोणी हसलं नाही.
अर्ध्या वर्गाच्या घरी तेच आहे
आणि वायरमनचं पोरगं पहिल्या रांगेत.
ते मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत राहिलं.
टोक आधीपासून होतं.

तिनं वही पुढं केली.
सोमवार : पऱ्हाटीच्या मोळ्या दोन.
मंगळवार : दीड. आईचा खांदा दुखला.
बुधवार : एक. इस्तू शेजारून आणला, काडी वाचली.
गुरुवार : दोन, पाव्हणे आले.
शुक्रवारी काही नाही, नुसतं "शिळं".
शनिवार : डाळ रात्रीच भिजू घातली. अर्धी मोळी उरली.
रविवार : उरलेली.
मग पट्टीनं मारलेली रेघ, एकूण,
आणि पुढं कोरं.
बेरीज तिला येते. एकक माहीत नव्हतं.

लाल पेन हातात धरून मी बरीच बसले.
मोळीला काय म्हणायचं?
खांद्याला?
पुस्तकात ज्यूल होतं, कॅलरी होती.
मी तिच्या रेघेखाली काही लिहिलं नाही.
पुढच्या वर्षी कदाचित लिहीन.

दुपारी खिचडीच्या ताटल्या धुऊन होत होत्या.
मी फळ्याकडं वळले तर छतावर कवडसा,
वाशावरून पळाला, नकाशावर गेला,
मराठवाडा ओलांडून थेट अरबी समुद्रात.
"कोण आहे रे तिकडं?" मी ओरडणारच होते.
कवडसा दचकून फळ्यावर येऊन थांबला,
"वि"वर. मग हळूच "त"वर.
अंगणात उन्हात वायरमनचं पोरगं उभं,
छातीशी ताटली, डोळे किलकिले.

"जराशी डावीकडं धर," दैवशाला आतून म्हणाली.

आता पाळ्या लावल्यात, दहा दहा मिनिटांच्या,
कारण ऊन सरकतं आणि ताटलीला सरकावं लागतं.
संदिपानला बाहेरची पाळी रोज हवी असते,
गणित असलं की दोनदा.
ढग आले तर वाचन तोंडी.

फॉर्मला फोटो तीन हवे होते.
मोबाईल मुबीनच्या गिरणीत लावते मी, लाईट असली तर.
त्या दिवशी नव्हती.
एकच निघाला, त्यात फळा नाही, पोरं नाहीत,
मधोमध पांढरा गोळा नुसता.
तोच जोडला.
पाठवला तेव्हा बॅटरी चार टक्के होती.